जोडनाव

होनाजी-बाळा हे नाव आपण एका दमात उच्चारतो. माणसे मात्र दोन होती. उत्तर पेशवाईत होनाजी सिलारखाने हा गवळी कवने रची आणि बाळा करंजकर हा शिंपी ती फडात गाई. होनाजीचे शब्द छापून उरले. बाळाचा आवाज त्याच्याबरोबर गेला. मग दोघांना समान मान देणे न्याय्य काय? आम्हांस वाटते, होय. कंठाविना ते कवन श्रोत्यांपर्यंत पोहोचले नसते. लोकांनी हे ऋण जोडनावात राखले. येथे हट्ट्यास, मराठी मुलखाच्या सीमेपलीकडे, आपली भाषाही लिहिणाऱ्यांइतकीच घरात ओव्या म्हणणाऱ्यांनी जगविली. कुळवृत्तांतात मात्र बहुधा कर्त्या पुरुषाचेच नाव असते. त्याशेजारी साथ करणारीचेही नाव लिहिणे, हे आपल्यावरचे देणे आहे.