हळदीची पिशवी

वाईकडच्या एका गावात अण्णांचं पाच एकर हळदीचं रान होतं, वाडवडिलांपासून चालत आलेलं. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारे वकीलकाका तीस वर्षं त्यांची कामं बघत. दरसाल हळद शिजून, वाळून, पॉलिश झाली की एक पिशवी काकांच्या घरी यायची. अण्णांचं मृत्युपत्रही काकांनीच लिहिलं होतं. वाईतलं स्वकमाईचं घर धाकट्याला, असं त्यात होतं, आणि साक्षीदार म्हणून खाली काकांची सही होती.

अण्णा गेले. तेरावं उरकलं आणि आठ दिवसांत अण्णांचे दोघे मुलगे काकांकडे आले.

"आक्काचं हक्कसोडपत्र करून घ्यायचंय. ती नाही म्हणायची नाही. तुम्ही काय, घरचेच."

घरचेच म्हटल्यावर काका विरघळले. वकीलपत्रावर सह्या झाल्या, मसुदा टाईप झाला, दुय्यम निबंधकांकडे जायचा दिवसही ठरला.

आदल्या संध्याकाळी त्यांची बहीण आक्का एकटीच आली. खुर्चीच्या कडेला टेकली. मसुद्याची प्रत तिच्या मुठीत होती, घड्या घालून घालून फडक्यासारखी मऊ पडलेली.

"काका, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तिथं सही करते. करू ना?"

'कर' हा शब्द काकांच्या ओठांवर आला होता. तो तिथंच अडला. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. हे काकांना पाठ होतं. आक्काला सांगावं, तर ज्यांचं वकीलपत्र घेतलं त्यांच्याविरुद्ध सल्ला दिल्यासारखं होतं. न सांगावं, तर बाप मानून विचारायला आलेल्या पोरीचा गळा कापल्यासारखं. आणि गप्प बसण्यातही भावांचाच फायदा. आपण दोन डगरींवर हात ठेवून बसलोय, हे त्यांना तेव्हा कळलं. ते पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं, असं मला वाटतं.

"पोरी, याचं उत्तर मी देऊ नये. हा कागद मी तुझ्या भावांसाठी केलाय. तू तुझा वेगळा वकील बघ. त्याने वाचून समजावल्याशिवाय कुठंच सही करू नकोस."

दुसऱ्या दिवशी काकांनी हे भावांनाही तोंडावर सांगितलं. थोरला भडकला. मग दोन दिवसांनी तो एकटाच आला. "आक्काचं राहू द्या. घराचं मृत्युपत्र तेवढं मोडून द्या. शेवटी शेवटी अण्णांचं चित्त ठिकाणावर नव्हतंच की."

"त्याच्यावर माझी सही आहे," काका म्हणाले. "उद्या कोर्ट मलाच पिंजऱ्यात उभं करील. ज्या दाव्यात साक्ष द्यायची, त्यात वकील म्हणून उभं राहता येत नाही. आणि तुम्हां दोघांचं काम घेतलं होतं, आता एकाचा होऊन दुसऱ्यावर कसा उठू?"

बार कौन्सिलच्या नियमांत हे दोन्ही लिहिलेलं आहे. पण नियमाआधी साधी गोष्ट आहे: अशील आपल्या घरातलं सगळं वकिलापुढे उघडं करतो, ते त्याच्यावर उलटणार नाही या भरवशावर. 'मी सगळ्यांचं मिटवून देतो' म्हणणारे वकील गावोगाव आहेत. मिटवणं चांगलंच, पण मिटवणाऱ्याच्या बॅगेत एकाचं वकीलपत्र असता कामा नये.

काकांनी घेतलेली फी परत केली, कागद ज्याचे त्याला दिले आणि तिघांपैकी एकाचंही काम घेतलं नाही. थोरल्याने बोलणं टाकलं. धाकटा रस्त्यात दिसला तरी मान वळवायचा.

फाल्गुन सरला. गावात हळद शिजवायच्या काहिली पेटल्या, निवल्या. चैत्रात काकूंनी डबा उघडून पाहिला आणि विचारलं, "यंदा पिशवी आली नाही का हो?"

"नाही येणार," काका म्हणाले, आणि चपला घालून किराणा दुकानातून पावशेर हळद घेऊन आले.