सोडल्यावर पुढे काय?

पावसाळा लागला की भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेव, खारीगावकडच्या सोसायट्यांत साप निघतात. सर्पमित्राला फोन जातो, धामण पिशवीत जाते, चार टाळ्या पडतात. पुढे अशाच एखाद्या सर्पमित्राची मुलाखत छापून येते: भीती वाटत नाही का, पहिला नाग कधी धरला, आजवर किती वाचवले. तोच मजकूर शाळेत उतारा म्हणून आला की ‘यातून काय बोध मिळतो?’ या प्रश्नाला मुलं ‘भूतदया’ लिहितात आणि गुण घेऊन मोकळी होतात. माझ्या मते मुलाखत वाचायला शिकवायचं तर तिच्यात न विचारलेला प्रश्न शोधायला शिकवावं. धामण सोडली कुठे, आणि तिथे ती जगली का? वाचवणारा भरभरून बोलतो. ज्याला वाचवलं त्याची साक्ष कुणी काढत नाही. दयेचं मोजमाप मात्र त्याच साक्षीवर ठरायला हवं.

जुन्नरचं उदाहरण घ्या. 2001 नंतर उसाच्या पट्ट्यातले बिबटे पिंजरे लावून पकडले गेले आणि सरासरी 40 किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. बिबट्याही जगावा, माणूसही, या हेतूत खोट काढायला जागा नाही. पण वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं की आधी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले 17 वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आपल्या मुलखाकडे निघतं. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ हा बिबट्या तर शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीवर आला. गळ्यात पट्टा होता म्हणून ते कळलं, एवढंच. बाकी बिबट्यांची हकीकत ‘सुखरूप सोडले’वर संपते.

यावर कुणी म्हणेल, हेतू शुद्ध असला की पुरे. फळाची आसक्ती नको, असं गीताच सांगते. पण फळावर हक्क सांगू नये याचा अर्थ फळाकडे ढुंकूनही पाहू नये असा होत नाही; तसं असतं तर निष्काळजीपणालाच निष्काम कर्म म्हणावं लागलं असतं. भाईंदरला जवळच्या जैन परंपरेत हा वाद जुना आहे. दशवैकालिक सूत्र ज्ञानाला दयेच्या आधी ठेवतं. 1760 मध्ये तेरापंथ स्थापणारे आचार्य भिक्षू आणखी पुढे गेले: जीव वाचवणं ही लौकिक दया, आत्मशुद्धीचा धर्म निराळा. इतकं टोक मला पटत नाही, कारण जखमी घारीला आपल्या आत्मशुद्धीशी काही देणंघेणं नसतं. तरी वाचवणाऱ्याच्या समाधानाला धर्माचं प्रमाणपत्र लगेच देऊ नये, हा त्यांचा कडकपणा वर्गात कामाचा आहे.

अशाने मुलं कोरडी होतील, ही भीती मात्र खरी आहे. बारा वर्षांच्या मुलाला आधी संशय शिकवला तर तो फोनच करणार नाही. म्हणून आधी कळवळा, मग चौकशी; पण दोन्ही एकाच तासाला. आणि ‘धामणीचं पुढे काय झालं ते मुलाखतीत दिलेलं नाही’ असं उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापले जात असतील, तर आधी उत्तरसूची बदलावी लागेल.