दोन खेळाडूंची दोन मुलं

६ एप्रिल १९९२ रोजी मिनियापोलिसला अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. एकीकडे ड्यूक विद्यापीठ: खासगी, महागडं, आदल्या वर्षीचं विजेतं. दुसरीकडे मिशिगन, ज्यांचे पहिले पाचही खेळाडू कॉलेजच्या पहिल्याच वर्षात शिकत होते. ढगळ, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या चड्ड्या घालणाऱ्या या पोरांना सगळे ‘फॅब फाइव्ह’ म्हणत. ड्यूकने त्यांना ७१-५१ असं हरवलं. मिशिगनच्या जेलन रोझच्या मनात ड्यूकच्या ग्रँट हिलबद्दल अढी होती, ती कायम राहिली.

दोघेही कृष्णवर्णीय. दोघांचेही वडील नावाजलेले व्यावसायिक खेळाडू. ग्रँटचे वडील कॅल्विन हिल येलमध्ये शिकले, मग डॅलस काउबॉइजकडून अमेरिकी फुटबॉल खेळले. आई जॅनेट वेल्स्ली कॉलेजात हिलरी क्लिंटन यांच्याबरोबर शिकलेल्या. जेलनचे वडील जिमी वॉकर. १९६७ साली एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत सगळ्यात आधी पुकारलं गेलं ते त्यांचं नाव, आणि निवडणारा संघही डेट्रॉइटचा. जेलन त्याच डेट्रॉइटमध्ये वाढला, पण बापलेकांची भेट कधीच झाली नाही. आईने क्रायस्लर कंपनीत राबून घर चालवलं.

२०११ मध्ये ‘फॅब फाइव्ह’वर माहितीपट आला. त्यात रोझने ही जुनी सल बोलून दाखवली. ड्यूक माझ्यासारख्यांना घेत नाही, घेतं ते ‘अंकल टॉम’ना, असं तेव्हा वाटायचं, असं तो म्हणाला. गोऱ्यांची मर्जी सांभाळणाऱ्या काळ्या माणसाला दिलेली ही शिवी. हिलने न्यूयॉर्क टाइम्समधून उत्तर दिलं. आईबाप शिकलेले आणि एकत्र राहणारे असले म्हणून कुणाचं काळेपण कमी कसं होतं, हा त्याचा सवाल होता. जेलनच्या आईनेही मुलासाठी असाच त्याग केला, हेही त्याने आवर्जून लिहिलं.

हे भांडण आपल्याला परकं नाही. शिकून नोकरीला लागलेल्या, वस्ती सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या दलित माणसाला ‘दलित ब्राह्मण’ म्हणून हिणवलेलं आपण ऐकलं आहे. वस्तीत मागे राहिलेल्याचं दुःख खरंच असतं. पण पुढे गेलेल्याच्या आईबापांनी काय उपसलं, ते या एका शब्दाने पुसून जातं. कॅल्विन हिल यांचे वडील बांधकाम मजूर होते. ती मजुरी आणि येल यांच्यात एकाच पिढीचं अंतर आहे.

तरीही रोझचा राग मला खोटा वाटत नाही. त्यानेच कबूल केलं आहे की आईला वीसहून अधिक वर्षं राबावं लागलं आणि खेळाडू बाप असूनही तो आपल्याला ठाऊक नव्हता, याची खरी चीड होती. न आलेल्या बापाला अडवणार कसं? ग्रँट हिल मात्र समोर उभा होता. माणसाचा राग हाताला लागेल त्याच्यावर निघतो. लांबच्या तिजोरीपर्यंत तो सहसा पोचत नाही.

तिजोरी तर भरलेली होती. या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या १९९१ पासूनच्या ७ वर्षांच्या प्रक्षेपणासाठी सीबीएस वाहिनीने १ अब्ज डॉलर मोजले होते. खेळणाऱ्यांना शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला घ्यायला मनाई. मिशिगनच्या क्रिस वेबरच्या खिशात खाण्यापुरते पैसे नव्हते, तेव्हा दुकानाच्या काचेत त्याने स्वतःची जर्सी टांगलेली पाहिली. किंमत ७५ डॉलर. संघाच्या एका हितचिंतकाकडून वेबरने पैसे घेतल्याचं पुढे उघड झालं आणि त्या काळातले अनेक विजय विद्यापीठाला नोंदींतून काढावे लागले. पण ते ७५ डॉलर कुणाच्या घामाचे, हा प्रश्न त्याने मिटत नाही. मोबदल्याचा नियम तर हिललाही तोच होता. म्हणजे ज्याच्यावर रोझ जळत होता, तोही त्याच दुकानाच्या बाहेरच उभा होता. खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मोकळीक मिळायला जुलै २०२१ उजाडावं लागलं.

माहितीपट आला त्याच वर्षी रोझने डेट्रॉइटमध्ये उभारलेली शाळा सुरू झाली. तिथली मुलं कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडावीत, हे तिचं ध्येय. कॉलेजची वाट ग्रँट हिलला आईबापांनी घरातच दाखवली होती. ज्यांच्या घरात ती दाखवणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी रोझने दार उघडलं.