चौथ्या लेखकाची जागा

सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत वाढलेला एक मराठी तरुण दिल्लीतल्या एका महाविद्यालयात गेस्ट फॅकल्टी म्हणून शिकवतो. त्याने मला फोनवर आलेला एक संदेश दाखवला: शोधनिबंध तयार आहे, नियतकालिक स्कोपस या सूचीत आहे, चौथ्या लेखकाची जागा शिल्लक आहे. खाली दर. "काका, विषय माझा नाही, पण मुलाखतीच्या यादीत यायला गुण लागतात," तो म्हणाला. हा मुलगा लबाड नाही. त्याला इथवर आणणारा हिशेब मात्र खोटा आहे, आणि त्याचा दोष आपण नेहमी भलत्याच माणसाच्या माथी मारतो.

तो माणूस म्हणजे युजीन गारफिल्ड. संशोधनाचे आकड्यांत रूपांतर त्याने केले, असे चर्चासत्रांतून ऐकू येते. १९५५ साली 'सायन्स'मध्ये त्याने सायटेशनच्या, म्हणजे कोणत्या निबंधाचा संदर्भ पुढे कुणी दिला याच्या, सूचीची कल्पना मांडली, तेव्हा त्याच्यासमोर अमेरिकन वकिलांची शेपर्डची सूची होती. एखादा जुना निवाडा पुढे उचलून धरला गेला की उलटवला गेला, हे वकील १८७३ पासून त्या सूचीत पाहत असत. चुकीचे किंवा कालबाह्य झालेले निष्कर्ष डोळे मिटून पुढे नेले जाऊ नयेत, हा गारफिल्डचाही हेतू होता. म्हणजे सूची वाचकासाठी होती. लेखकाला गुण देण्यासाठी नव्हती. नियतकालिकाला सरासरी किती संदर्भ मिळतात हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टरही नियतकालिके निवडण्याच्या कामातून आला.

पुढे या संदर्भांची मोजणी वाढत गेली. डेरेक प्राइसने १९६५ मध्ये संदर्भांनी जोडलेल्या निबंधांचे जाळे दाखवले, मार्क न्यूमनने २००१ मध्ये सहलेखकांचे, आणि २००५ मध्ये हर्शने एका माणसाची कारकीर्द एका आकड्यात बसवली. हर्शवर पुष्कळ टीका झाली, ती योग्यही आहे. पण आपल्याकडच्या बढत्या मुख्यतः त्याच्या आकड्याने ठरल्या नव्हत्या. ते काम सरकारी तक्त्याने केले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये एपीआय, म्हणजे शिक्षकांच्या कामगिरीला गुण देणारा तक्ता, आणला. त्यात इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण होते, आणि तेवढ्यावरून तो बदनाम झाला. त्यातली एक चांगली गोष्ट कुणी पाहिली नाही. निबंधाचे ६० टक्के गुण मुख्य लेखक आणि मार्गदर्शकात वाटायचे, उरलेले ४० टक्के बाकीच्यांत. लेखक चार असोत की चौदा, एका निबंधाचे गुण एका निबंधाइतकेच राहत.

२०१८ मध्ये महाविद्यालयीन शिक्षकांसाठी एपीआय रद्द झाल्याचे तेव्हाचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केले आणि सर्वांना हायसे वाटले. मला ते हायसे वाटणेच घातक वाटते. नव्या नियमावलीतला संशोधन गुणांचा तक्ता विद्यापीठीय शिक्षकांच्या बढतीसाठी आणि उमेदवार निवडण्यासाठी राहिलाच, फक्त वाटणी बदलली. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनाहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. मांडून पाहा: दोघांचा निबंध १४० टक्क्यांचा होतो. मुख्य लेखक एकच धरला तर पाच जणांचा १९० आणि दहा जणांचा ३४० टक्क्यांचा. नवे नाव जोडल्याने जुन्या कुणाचेच काही कमी होत नाही. मग कुणी कुणाला नाही का म्हणावे? चौथ्या लेखकाची जागा विकाऊ झाली ती इथे. आणि विकत घेतलेले नावही सहलेखकांच्या जाळ्यात खऱ्या सहकार्याइतकीच ठळक रेषा ओढते.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली आणि स्कोपससारख्या सूचींत नसलेली १,००९ नियतकालिके तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्यातून आयोगाची नवी 'केअर' यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. याद्या बदलत राहिल्या, वाटणीकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

कामाचे मोल यादीतून नव्हे, निबंध वाचूनच कळते; दामोदर कोसंबींचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी 'अॅनल्स ऑफ यूजेनिक्स'मध्ये चार पानांचा निबंध लिहिला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांतले अंतर कसे काढायचे, हा प्रश्न होता. जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनच्या १९१९ च्या सूत्रात एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीवर परिणाम करत नाही, असे गृहीत होते. कोसंबींनी तो परिणाम हिशेबात घेतला. पिकांचे जनुक-नकाशे करणारे आजही 'कोसंबी फंक्शन' वापरतात. कित्येकदा मूळ निबंधाचा संदर्भही देत नाहीत, इतके ते अंगवळणी पडले आहे. १९४३ मधल्या त्यांच्या दुसऱ्या एका निबंधातली कल्पना तर जगभर कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखली जाते. सूचीत शोधणाऱ्याला यातले थोडेच सापडेल. निबंध वाचणाऱ्याला सगळे सापडते.

हजारो अर्ज आले तर कुणी वाचायचे, असे विचारले जाते. अडचण खरी आहे. पण मुलाखतीपर्यंत आलेल्या उमेदवाराचे त्याने स्वतः निवडलेले दोन निबंध वाचणे कोणत्याही समितीला शक्य आहे, आणि त्यात त्याचा वाटा कोणता हे त्यालाच विचारणेही. तुमच्यापैकी जे निवड समित्यांवर बसतात, त्यांनी एवढे तरी करावे. आयोगाने एका निबंधाची बेरीज शंभरावर आणावी.