विकून मोकळे होण्याआधी

वाटणीचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानी येते, "येईल त्या भावात वाडी विकून मोकळे होऊ." घरातल्या कुरबुरींना माणसे खरोखरच कंटाळतात, हे आम्ही जाणतो. तरी यिर्मयाच्या ग्रंथाचा ३२ वा अध्याय घरी जरूर वाचावा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, संदेष्टा स्वतः कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला काढतो. शत्रूच्या घशात जाणारी जमीन घेणार कोण? यिर्मयाने १७ शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांसमोर खत केले आणि ते मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावले. अशा धामधुमीतही हनामेल आधी रक्ताच्या नातलगाकडे गेला, कारण सोडवून घेण्याचा हक्क त्याचा होता.

आपल्याकडे मात्र बहिणीला फक्त सहीपुरते बोलावतात. हक्कसोडपत्र वाचूनही दाखवत नाहीत. मृत्युपत्र नसेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती आईबापांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी आहेत. "लग्नात दागिने घातले होते," हे त्यावर उत्तर नव्हे. तेव्हा इसार घेण्यापूर्वी तिला जेवायला बोलवा, कागद तिच्यापुढे ठेवा. कोण जाणे, ती वाडी तीच घेईल.