मला नेमकं कशासाठी जायचंय?

शहर आधी ठरलं, विषय नंतर. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मी पुण्यात बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या वर्षातलं एक सेमिस्टर परदेशातल्या विद्यापीठात करण्याची आमच्याकडे सोय आहे. यादी हातात आली तेव्हा कुठे काय चांगलं शिकवतात हे मी पाहिलं नाही, नकाशा पाहिला. श्टुटगार्टजवळचं एक विद्यापीठ निवडलं, कारण श्टुटगार्टहून पॅरिसला थेट रेल्वे आहे. मग या निवडीला शोभतील अशी कारणं शोधायला बसलो. इच्छा आधी आणि समर्थन मागाहून. तेव्हा हा क्रम मला खटकलासुद्धा नाही.

समर्थन सापडायला वेळ लागला नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांची २०१५ पासून भागीदारी. बॉशचं मुख्यालय तिथलं आणि कारखाना आपल्या नाशिकला. हे सगळं खरं आहे. अर्जासोबतच्या निवेदनात मी ते व्यवस्थित मांडलं, वर ‘जागतिक दृष्टी’, ‘विविध संस्कृतींची जाण’ असे शब्दही पेरले. पण त्यातलं एक तरी वाक्य मी एकटा असताना स्वतःशी बोललो असतो का?

एकटा असताना मी वेगळंच बोलतो. प्लेसमेंटच्या मुलाखतीत बायोडेटावरच्या त्या एका ओळीपाशी समोरच्याची नजर थांबावी. कोल्हापुरात आमच्या गल्लीत ‘त्यांचा मुलगा जर्मनीला असतो’ असं कुणीतरी म्हणावं. जे मित्र मला साधारण समजतात, त्यांनी फोटो बघून जरा गप्प व्हावं. असं वाटणं काही मोठं पाप नाही, या वयात ते पुष्कळांना वाटत असेल. पण माझ्या या वाटण्याचे पैसे कोण भरणार आहे?

इथे मी जास्त अडखळतो. एक्सचेंजमध्ये फी इथलीच भरायची असते, तिथली माफ असते. तेवढं घरी सांगितलं आणि ‘फारसा खर्च नाही’ म्हणून मोकळा झालो. वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. राहण्या-जेवण्याची ऐपत आहे हे जर्मनीच्या व्हिसासाठी आधी दाखवावं लागतं. त्याचा दर महिन्याला ९९२ युरो असा धरलेला आहे, आणि बहुतेक विद्यार्थी ती रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून ठेवतात. सहा महिन्यांचे जवळजवळ ६,००० युरो. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास, म्हणजे सहा लाख. विमान, विमा, व्हिसा वेगळं. बाबा शिरोलीच्या एका फाउंड्रीत हिशेब बघतात. त्यांना आकडा लगेच कळतो, म्हणूनच बहुधा मी आकडा टाळला. धाकटी बहीण बारावीला आहे. पुढच्या वर्षी तिच्याही प्रवेशाचा खर्च येणार. तो खर्च आणि माझं सेमिस्टर एकाच खात्यातून जाणार, हे मला माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू?

मनाची एक पळवाट होती, तिथे काम करून फेडीन. तिथला कायदा परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करू देतो, हे मी लगेच शोधून काढलं होतं. अभ्यास किती असतो हे मात्र शोधलं नव्हतं. युरोपात एका सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास. म्हणजे ७५० ते ९०० तास. माझ्या वहीत प्राग होतं, ॲम्स्टरडॅम होतं, शेंगेन करारात २९ देश आहेत ही नोंद होती. हे ९०० तास कुठेच नव्हते.

विषय निवडतानाही तेच. तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचा, हे आधी कागदावर ठरवून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्या लागतात. त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. मी माझ्या कच्च्या मसुद्यात सगळे हलके विषय भरले, कारण सीनियर म्हणाले की त्यात सहज पास होता येतं. शिवाय तिथलं हिवाळी सत्र संपता संपता फेब्रुवारी येतो आणि आमचं पुढचं सत्र जानेवारीतच सुरू होतं. मधले आठवडे बुडणार, ग्रुप प्रोजेक्टमधला माझा वाटा इतर मुलं उचलणार. त्यांना मी विचारलं होतं? मनातच गृहीत धरलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला जड जाते. तिथली फी मला माफ होते, कारण तिथलं कुणीतरी इथे येतं आणि त्याला इथली फी माफ होते. या व्यवहाराचा पायाच तो आहे. युरोपात १९८७ मध्ये इरॅस्मस सुरू झालं, ११ देशांत आणि सुमारे ३,२०० विद्यार्थ्यांनिशी, तेही याच विश्वासावर की तरुण मुलं एकमेकांकडे राहिली तर एकमेकांना ओळखतील. गेल्या सत्रात आमच्या वर्गात जर्मनीहून आलेली मुलं होती. मेसमध्ये ती बहुतेक वेळा आपापल्यात बसायची. मी त्यांच्या टेबलाशी एकदाही जाऊन बसलो नाही. इंग्रजी अडखळेल, हे एक. आणि खरं म्हणजे, तशी गरजच वाटली नाही. मग ‘विविध संस्कृतींची जाण’ मला विमानात बसल्यावरच येणार होती का?

वर्गातला एक मुलगा माझ्यापेक्षा हुशार आहे. त्याचा सीजीपीए माझ्याहून बराच वर आहे. त्याने अर्ज घेतलाच नाही. फी माफ झाली तरी सहा लाख त्याच्या घरातून येणार नाहीत. उद्या माझी निवड झाली तर सगळे तिला गुणवत्तेची म्हणतील, मीही म्हणेन. पण ज्या शर्यतीत तो उतरूच शकला नाही, तिच्यातला माझा नंबर किती खरा?

अशा वेळी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घेताना संकोच वाटतो. तुलना करायची नाहीच. पण मी कोल्हापूरचा आणि कॉमर्सचा विद्यार्थी, तेव्हा ती हकिकत टाळताही येत नाही. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम या कॉमर्स कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठल्या पैशावर जातोय आणि कुठला प्रश्न सोडवायचाय, हे दोन्ही त्यांना स्वच्छ माहीत होतं. मला यातलं काय माहीत होतं?

मग माझ्याकडे प्रश्नच नाही का? शोधलं तर एक आहे, आणि तो घरातच होता. बाबांच्या फाउंड्रीसारखे कितीतरी कारखाने कोल्हापुरात वाहनांचे, पंपांचे सुटे भाग ओततात. भाव मात्र बहुतेक वेळा घेणारा ठरवतो. श्टुटगार्टच्या आसपासही घरच्याच मालकीचे मध्यम कारखाने आहेत, आणि त्यातले कित्येक आपला माल आपल्या भावाने जगभर विकतात. त्यांना हे कसं जमतं? तिथल्या कॉस्ट कंट्रोलिंगच्या वर्गात याचं उत्तर पुरतं मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण हा प्रश्न मी एकटा असतानाही स्वतःला विचारू शकतो. पॅरिसची रेल्वे नसती तरी तो उरला असता.

एवढ्याने माझा हेतू निर्मळ झाला असं मी म्हणणार नाही. गल्लीत नाव व्हावं असं अजून वाटतं, फोटोंचाही मोह आहे. फरक इतकाच की आता मी त्या मोहाला उद्देश म्हणत नाही. बाबांना पूर्ण आकडा सांगितला आहे, बहिणीच्या फीसकट. ते म्हणाले, ‘बघू.’ मसुद्यातले हलके विषय काढले आहेत. ज्याने अर्ज घेतला नाही त्याच्यासाठी राहण्याच्या खर्चाची शिष्यवृत्ती काढा, असं विभागप्रमुखांना लिहिणार आहे, माझी निवड झाली नाही तरी. आणि या सत्रात जी मुलं तिकडून आली आहेत, त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायला सुरुवात केली आहे.

अर्जाची तारीख जवळ आली आहे. तुम्हीही असाच अर्ज भरत असाल तर एवढंच करा. निवेदन लिहून झालं की त्यातलं शहराचं आणि देशाचं नाव खोडा, आणि उरलेलं ज्यांचे पैसे जाणार आहेत त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना आवाज अडखळला नाही तर जरूर जा. अडखळला, तर हे सेमिस्टर इथेच करा.