रतीब आणि मात्रा

समुद्राचं पाणी काचेच्या टाकीत ठेवलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. प्रवाळं पाळणाऱ्यांची निम्मी काळजी एवढ्यात आली. ३०० लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज हवेत जातं. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीत ते प्रमाण रोज थोडं थोडं चढतं. म्हणून ही तूट खाऱ्या पाण्याने भरत नाहीत, क्षार काढलेल्या गोड्या पाण्याने भरतात. दुसरी तूट डोळ्यांना दिसत नाही. कठीण सांगाड्याची प्रवाळं पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपलं घर बांधतात. समुद्रात त्याने काही उणं पडत नाही, टाकीत पडतं.

या दोन्ही तुटी आता यंत्रं भरून काढतात. ज्या जिवाला आपण आपल्या इच्छेने समुद्रापासून तोडून आणलं, त्याची काळजी यंत्रावर सोपवली तर ती आपण घेतली असं म्हणता येईल का, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे तो घरोघरी पडण्यासारखा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१पासून प्रवाळभिंती बांधणारी प्रवाळं आहेत. मी म्हणते ती टाकी हॅनोव्हरला, माझ्या मावसभावाकडे आहे. तीन महिन्यांच्या व्हिसावर मावशी मिरजेहून त्याच्याकडे गेली आणि नेमकं त्याला कामासाठी तीन आठवडे परगावी जावं लागलं. टाकीच्या सूचना जर्मनमध्ये होत्या. घरात जर्मनमधून मराठीत आणणारी मीच, म्हणून ते कागद माझ्याकडे आले.

पाणी भरणारं यंत्र साधं आहे. टाकीखालच्या कपाटात एक छोटी पेटी असते, तिच्यात पातळी उतरली की संवेदकाला कळतं आणि पंप शेजारच्या कॅनमधलं पाणी सोडतो. पातळी जागेवर आली की थांबतो. मला त्यातली कॅनची गोष्ट आवडली. कॅन मुद्दाम २० लिटरचाच ठेवायचा. संवेदक अडकला आणि सगळं पाणी टाकीत गेलं, तरी ३५चं प्रमाण ३३च्या आसपास येईल. प्रवाळांना ते मानवणार नाही, पण बहुधा निभावेल. यंत्र कधीतरी चुकणार हे धरून त्याच्या हातात किती द्यायचं हे आधीच ठरवलेलं असतं. माणसांच्या हाती अधिकार देताना आपण इतका विचार करत नाही.

या यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. वैशाखात तुळशीवर भोक पाडलेलं मडकं टांगतात, महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात. थेंब गुरुत्वाकर्षणाने पडतो, म्हणून भक्ती खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. नंदादीपाला तेल घालायला पूर्वी इनामं लावून दिलेली असत. काळजी दुसऱ्यावर सोपवणं आपल्याला नवं नाही. शिवाय प्रवाळाला पाणी कुणी घातलं याच्याशी कर्तव्य नसतं, पाणी स्थिर राहण्याशी असतं. मी स्वतः तांब्याने घातलं तर मला बरं वाटेल, एवढंच. त्या बरं वाटण्यासाठी जिवाला हेलकावे देणं मला योग्य वाटत नाही.

अडचण कॅल्शियमपाशी आली, आणि ती आधी शब्दाची होती.

जुन्या पानावर ‘काल्कवासर’ होतं. सत्तरच्या दशकात जर्मन लेखक पीटर विल्केन्स यांनी या उपायाचा प्रसार केला आणि इंग्रजीतल्या हौशी मंडळींनी शब्द तसाच ठेवला. आपल्याकडे तो केव्हाचा आहे: चुन्याची निवळी. चुना पाण्यात ढवळायचा, बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात बुडवणाऱ्या मावशीला ही निवळी समजावून सांगावी लागली नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी निवळी घातली की दोन्ही तुटी एका कामात भागतात. पण जेवढं पाणी उडेल तेवढीच निवळी घालता येते, आणि लिटरभर पाण्यात चुना जेमतेम दीड-दोन ग्रॅम विरघळतो. भावाची प्रवाळं मोठी झाली, तेवढ्यावर भागेना. मग त्याने दोन पंप लावले: एकात कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण, दुसऱ्यात सोडियम कार्बोनेटचं. दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, नाहीतर पांढरा साका बसतो. घड्याळ लावून दिलेलं, ठरल्या वेळी ठरलेले मिलिलिटर.

या देण्याला मराठीत काय म्हणायचं? ‘डोस’ लिहून मोकळं होता आलं असतं. मी आधी ‘रतीब’ लिहिलं, कारण दारात दूध येतं तसंच हे येतं, विचारल्याशिवाय. पुढच्या ओळीवर अडले. तिथे लिहिलं होतं की आठवड्यातून एकदा पाणी तपासून हे प्रमाण बदलायचं. रतीब असा बदलत नाही. वैद्य नाडी बघून देतो ती मात्रा. पाणी भरणारा पंप पातळीला उत्तर देतो, हा दुसरा पंप मागच्या आठवड्याच्या अंदाजाला. प्रवाळ वाढलं तर त्याला कमी पडतं. मरायला लागलं तर त्याचं घेणं थांबतं, पंपाचं देणं थांबत नाही, आणि न घेतलेलं पाण्यात साठत जाऊन बाकीच्यांना जाचतं. सगळं नियमित चाललेलं असतं, म्हणून कुणी बघायलाही जात नाही.

तपासणीची रीत मी मावशीला फोनवर सांगितली. नळीत पाणी घ्यायचं, निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, जितके थेंब तितके ‘जर्मन अंश’. आठच्या आसपास हवेत. ती म्हणाली, “म्हणजे याला किती लागतं ते दर आठवड्याला बघतात होय?” आणि जरा थांबून, “बरं आहे.” मुलगा दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या खात्यात पैसे पाठवतो, बँकेला सांगून ठेवलेलं आहे, एक महिना चुकलेला नाही. औषधांचं खोकंही दुकानातून घरपोच येतं. रक्कम आणि गोळ्या दोन्ही, काका होते तेव्हा ठरलेल्या. ती याविषयी कधी बोलत नाही. त्या ‘बरं आहे’मध्ये टोमणा होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की आता तपासणी करणारं यंत्रही मिळतं. ते स्वतः मोजतं आणि पंपाला कळवतं. मिळतं, आणि मला परवडलं असतं तर मीही घेतलं असतं. पण कोणता आकडा महत्त्वाचा ते त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. पाण्याचा आकडा ठीक असताना एखादं प्रवाळ दिवसभर मिटून बसलं, तर ते कुणालातरी दिसावं लागतं. यंत्रामुळे माणसाचे रोज दहा मिनिटं वाचतात. त्या दहा मिनिटांत तो टाकीसमोर बसतो की गावाला जातो, माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तिथे ठरतं. पंप कुणी चालवला यावर नाही.

कागदावर मी शेवटी ‘मात्रा’ लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात मावशीचे थेंब दहा भरले. तिने पुन्हा मोजले, पुन्हा दहा. मागच्या कोपऱ्यातलं फांद्यांचं प्रवाळ बुडाकडून पांढरं पडत चाललं होतं, तेही तिनेच पाहिलं. भावाने फोनवरून दोन्ही पंपांचं प्रमाण निम्म्यावर आणलं आणि ती फांदी काढून टाकायला सांगितली. मावशीने तारीख आणि ‘१०’ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.